फोल्डरवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम आणि अर्धवट छापलेली पाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान व्यवसायांनी रोजची कामे संगणकाकडून आपोआप करून घ्यावीत, असा सल्ला देणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. सल्ल्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यात एक वाक्य होते, की फोल्डरमध्ये फाइल आली की पुढचे सगळे प्रोग्रॅम बघून घेतो आणि त्याला पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या दहा-बारा ओळी पुरतात. लालबाग, करी रोड, गिरगाव या भागांतल्या छापखान्यांसाठी मी नेमके हेच प्रोग्रॅम लिहिते, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले दुरुस्त करते. त्या दहा-बारा ओळींच्या भरवशावर राहिले की काय होते ते मी छापील कागदावर पाहिले आहे. पत्र लांबले आहे. काटछाट करावी लागली तर कृपया सुरुवातीची हकीकत कापा, पण मधली तांत्रिक माहिती राहू द्या.

आमच्या भागात गणपतीआधीचे दिवस अहवालांचे असतात. सार्वजनिक मंडळे दरवर्षी जमाखर्च, कार्यकारिणीची यादी, वर्षभराचे उपक्रम आणि देणगीदारांच्या जाहिराती असे पुस्तक छापतात. छपाईचा बराचसा खर्च जाहिरातींतूनच निघतो, त्यामुळे मंडळाचे कार्यकर्ते बाकी मजकुरापेक्षा जाहिरातींच्या पानांकडे डोळ्यांत तेल घालून बघतात. एका छापखान्यात पद्धत अशी होती: डीटीपीला बसणाऱ्या मुली जाहिरातींचे फोटो सर्व्हरवरच्या एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायच्या, प्रोग्रॅम ते उचलून पानावर बसवायचा आणि तयार पीडीएफ छपाईची प्लेट काढणाऱ्या मशीनकडे जायची. अशा फोल्डरला आमच्याकडे हॉट फोल्डर म्हणतात. एका अहवालात अर्ध्या पानाची श्रद्धांजलीची जाहिरात होती, मसाल्याच्या एका जुन्या दुकानदाराच्या वडिलांची. फोटो कपाळापासून नाकापर्यंत स्वच्छ, आणि त्याखाली सपाट करडा रंग. ओठ नाहीत, हनुवटी नाही, गळ्यातला हार नाही. फॉर्म (अनेक पाने एकत्र असलेले मोठे कागद) छापून, घड्या पडून बाइंडिंगला गेल्यावर ते कोणाच्या तरी लक्षात आले.

कारण शोधायला मला बोलावले. प्रोग्रॅम बाहेरच्या कोणाकडून तरी करून घेतलेला होता. त्यात पायथनची वॉचडॉग नावाची लायब्ररी, म्हणजे आयता वापरायचा तयार कोड, होती. चांगली लायब्ररी आहे, मीही तीच वापरते. फोल्डरमध्ये काही घडले की ती इव्हेंट देते: फाइल तयार झाली, बदलली, हलली, पुसली गेली. या प्रोग्रॅमने ‘तयार झाली’ हा इव्हेंट धरला होता. पण तो इव्हेंट येतो फाइलचे नाव फोल्डरमध्ये पडते त्या क्षणी. त्या वेळी आत एक अक्षरही नसेल. मोठा फोटो वायफायवरून यायला वेळ लागतो, आणि प्रोग्रॅमने तो येता येताच उघडला. आता चित्र उघडणारी पिलो ही लायब्ररी अर्धवट फाइल मुकाट्याने घेत नाही, एरर देऊन थांबते. मात्र तिच्यात एक सेटिंग असते, की चित्र अपुरे असले तरी चालवून घे. या प्रोग्रॅममध्ये ते चालू करून ठेवलेले होते. म्हणजे एरर येत होती, कोणीतरी ती पाहिली होती आणि कारण न शोधता तिचे तोंड बंद केले होते. मला खरा राग आला तो याचा.

माझे म्हणणे एवढेच आहे: इव्हेंट ही फक्त सूचना असते. दारावरची बेल वाजली की कोणीतरी आले एवढेच कळते. कोण आले, किती जण आले, सामान पोचले का, हे दार उघडूनच बघावे लागते. फोल्डरचेही तसेच. खरे काय ते फोल्डरमध्ये आहे, इव्हेंटमध्ये नाही. हे तत्त्व सांभाळणारा प्रोग्रॅम दहा ओळींत होत नाही, आणि होतो असे तरुण मुलांना सांगू नये.

हे काही माझे स्वतःचे तर्कट नाही. लिनक्समध्ये फोल्डरवर नजर ठेवण्याची जी सोय आहे ती आयनोटिफाय. २००५ साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.१३ या आवृत्तीत ती आली. त्याआधी डीनोटिफाय होते, ते वापरायला फारच अडचणीचे. आयनोटिफायच्या मॅन्युअलमध्येच म्हटले आहे की इव्हेंट हरवू शकतात हे गृहीत धरून प्रोग्रॅम लिहा. इव्हेंटच्या रांगेला मर्यादा असते, नेहमीच्या सेटिंगमध्ये १६,३८४. रांग भरली की पुढचे इव्हेंट टाकून दिले जातात आणि ‘रांग ओसंडली’ अशी एक वेगळी खूण येते. ती खूण तपासणारा प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला अजून आलेला नाही. विंडोजवर डॉट नेटचा फाइल-सिस्टिम-वॉचर वापरतात. त्याचा बफर, म्हणजे इव्हेंट साठवायची तात्पुरती जागा, मुळात ८ किलोबाइटचा. नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी तो ६४ किलोबाइटच्या पुढे वाढवता येत नाही. एखाद्याने फोटोंची झिप तिथल्या तिथे उघडली की शेकडो फाइली एकदम पडतात, बफर भरतो, आणि काही नावे प्रोग्रॅमला कधी कळतच नाहीत. जावा या भाषेत ही सोय २०११ साली, सातव्या आवृत्तीत आली, आणि तिच्यातही ‘ओव्हरफ्लो’ हा इव्हेंटचा एक स्वतंत्र प्रकार पहिल्यापासून आहे. ज्यांनी ही साधने बनवली त्यांनी धोका लिहून ठेवलेला आहे. शिकवताना नेमके तेच पान गाळले जाते.

आयनोटिफायची आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते आतल्या फोल्डरांवर आपोआप नजर ठेवत नाही. प्रत्येक फोल्डरवर वेगळी नजर लावावी लागते. वॉचडॉगसारखी लायब्ररी ते आपल्यासाठी करते, पण नवा फोल्डर तयार झाल्याचे कळून त्यावर नजर बसेपर्यंत मध्ये थोडा वेळ जातोच, आणि तेवढ्यात आत पडलेल्या फाइलींचे इव्हेंट येत नाहीत. म्हणून नजर लावून झाल्यावर तो फोल्डर पुन्हा एकदा वाचायचा असतो. मंडळाचा माणूस पेन ड्राइव्हवरून ‘जाहिराती फायनल’ असा भरलेला फोल्डर उचलून सर्व्हरवर टाकतो तेव्हा नेमके हेच घडते.

नेटवर्कचा मुद्दा मुंबईतल्या छोट्या जागांसाठी सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे सर्व्हर म्हणजे बहुधा पोटमाळ्यावर ठेवलेली एनएएसची, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणाऱ्या डिस्कची, पेटी, आणि खाली चार-पाच संगणक. एका ठिकाणी प्रोग्रॅम ऑपरेटरच्या विंडोज मशीनवर नीट चालत होता. तो लिनक्सच्या मशीनवर हलवला आणि गप्प झाला. आयनोटिफाय फक्त त्याच मशीनच्या कर्नलमधून गेलेले बदल सांगते. दुसऱ्या संगणकाने एनएएसवर टाकलेली फाइल त्याच्या कर्नलला दिसतच नाही, मग तो सांगणार काय? ज्यांनी प्रोग्रॅम हलवला त्यांनी तपासणी केली होती, नाही असे नाही. पण त्याच लिनक्स मशीनवर बसून फोल्डरमध्ये फाइल टाकली होती. तिथून टाकली की इव्हेंट येतो! चाचणी पास झाली, आणि प्रत्यक्ष कामाच्या एकाही फाइलचा इव्हेंट आला नाही. विद्यार्थी हल्ली विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाकून लिनक्स शिकतात. तिथेही लिनक्सच्या बाजूने सी ड्राइव्हवर नजर लावली आणि विंडोजच्या बाजूने फाइल बदलली, तर इव्हेंट येत नाहीत.

अशा ठिकाणी पोलिंगला पर्याय नाही. ठरावीक वेळाने फोल्डरची पूर्ण यादी घ्यायची आणि मागच्या यादीशी ताडून बघायची. वॉचडॉगमध्ये त्यासाठी वेगळा पोलिंग ऑब्झर्व्हर दिलेला आहे. पोलिंग म्हटले की मुले नाक मुरडतात, जुनाट वाटते. छापखान्याच्या एका फोल्डरमध्ये असून असून किती फाइली असणार? दर काही सेकंदांनी यादी घेतली तर आजच्या कुठल्याही मशीनला ते जाणवतसुद्धा नाही. मॅकवर जावाची नजर ठेवायची सोय आतून कित्येक वर्षे पोलिंगच करत आलेली आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

मात्र पोलिंगही डोळे उघडे ठेवून करावे लागते. बहुतेक जण ‘मागच्या वेळेनंतर बदललेल्या फाइली द्या’ असे लिहितात. विंडोजमध्ये फाइल कॉपी केली की तिची बदलाची जुनी वेळ तशीच राहते. मंडळाने गेल्या वर्षीचा लोगो आज पाठवला, तर त्यावर गेल्या वर्षीचीच तारीख असणार, आणि प्रोग्रॅम म्हणणार ही जुनी आहे, सोडून द्या. कोणी नवी फाइल काढून आधीचे प्रूफ परत ठेवले तर वेळ मागे जाते. म्हणून वेळ ‘पुढची आहे का’ असे न विचारता ‘वेगळी आहे का’ असे विचारायचे, जोडीला आकार बघायचा, आणि काम महत्त्वाचे असेल तर मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काढून तोच ताडायचा. जुन्या पेन ड्राइव्हवरच्या फाइली साठवण्याच्या फॅट पद्धतीत बदलाची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदते, हेही विसरू नये.

आता अर्धवट फाइलीचा प्रश्न. आकार वाढायचा थांबला की फाइल पूर्ण झाली, असा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो पुरेसा नाही. विंडोजमधून कॉपी करताना अंतिम आकाराची जागा आधीच राखली जाऊ शकते. आकार पहिल्यापासून पूर्ण दिसतो, आणि आतला भाग रिकामा असतो. आयनोटिफायमध्ये ‘लिहिणाऱ्याने फाइल बंद केली’ असा इव्हेंट मिळतो, आणि एकाच मशीनवर काम असेल तर तो उत्तम. विंडोजच्या बाजूला त्याच्या तोडीचा इव्हेंट मिळत नाही. मला एकच मार्ग खात्रीचा वाटतो: फाइल पाठवणाऱ्याने ती आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, उदाहरणार्थ शेवटी डॉट टीएमपी लावून, आणि पूर्ण झाल्यावर त्याच फोल्डरमध्ये तिचे नाव बदलावे. एकाच डिस्कवर नाव बदलणे ही एका दमात होणारी क्रिया आहे. अर्धे नाव बदलले असे कधी होत नाही. उचलणारा प्रोग्रॅम डॉट टीएमपीकडे बघतच नाही. दुसऱ्या डिस्कवर हलवले तर मात्र आतून ती कॉपीच असते, तिथे हा नियम लागत नाही. माणसे हाताने फाइली टाकतात तिथे मी डीटीपीच्या टेबलावर ‘पाठवा’ असे एकच बटण असलेला छोटा प्रोग्रॅम देते. तो हे नाव बदलण्याचे काम करतो. त्या मुलींना हे शिकवायला एक दुपारही लागली नाही.

मराठी नावांचा एक गुंता आहे, तो इंग्रजीतल्या पाठांमध्ये कुठे सापडणार नाही म्हणून इथे लिहिते. ‘वऱ्हाड’ किंवा ‘गिऱ्हाईक’ यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका कीबोर्डवर ऱ आणि हलन्त असा येतो, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह असा. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पायथनला विचारा, तो म्हणेल वेगळे. शिवाय मॅकची फाइली साठवण्याची जुनी एचएफएस प्लस पद्धत ऱ हे अक्षरच फोडून र आणि खालचा नुक्ता असे ठेवायची. मग काम नोंदवहीत एका नावाने, फाइल दुसऱ्या नावाने, आणि प्रोग्रॅमच्या मते जाहिरात आलीच नाही. युनिकोडच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे सारखी अक्षरे एकाच ठरलेल्या रूपात आणण्याने, मॅकचा गुंता सुटतो, जोडचिन्हाचा सुटत नाही; ते आपण स्वतः बदलून घ्यावे लागते. आणि लिनक्सवर फाइलच्या नावाला बहुधा २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हे झाली की संपले. मंडळाचे पूर्ण नाव, वॉर्ड, ‘सुवर्णमहोत्सवी वर्ष’, ‘मुखपृष्ठ फायनल नवीन’ एवढे लिहिले की ही मर्यादा ओलांडते.

पावसाळ्यात याच्या जोडीला लाइट जाणे-येणे असते. संगणक यूपीएसवर तग धरतात, नेटवर्कचा स्विच बंद पडून पुन्हा सुरू होतो. एनएएसशी जोडणी तुटली की नजर सुटते, आणि पुष्कळ प्रोग्रॅम ती परत लावत नाहीत. स्क्रीनवर प्रोग्रॅम ‘चालू’ दिसतो. मी लिहिलेला प्रोग्रॅम सुरू होताना पहिले काम करतो ते म्हणजे आख्खा फोल्डर वाचणे. नंतर इव्हेंट आला की पुन्हा वाचणे. इव्हेंट आला नाही तरी काही मिनिटांनी वाचणेच. झालेल्या प्रत्येक फाइलचा हॅश एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये नोंदवलेला असतो, कारण एकदा सेव्ह केले तरी ‘बदलली’ असा इव्हेंट दोन-तीनदा येऊ शकतो आणि तितक्या वेळा प्लेट निघाली तर तो खर्च मालकाच्या अंगावर येतो. आणि मशीन सुरू व्हायच्या आधी एक कागद छापून निघतो: फोल्डरमध्ये आहेत पण प्लेटला गेल्या नाहीत अशा फाइलींची यादी. बहुतेक दिवशी तो कोरा असतो. फोरमन तरीही तो बघून सही करतो.

हा प्रश्न फक्त छापखान्यांचा असता तर मी आपल्याला लिहिले नसते. तपासणीच्या प्रयोगशाळेत मशीन निकालाची फाइल फोल्डरमध्ये टाकते आणि दुसरा प्रोग्रॅम ती उचलून रिपोर्ट बनवतो. स्कॅन केलेली कागदपत्रे, हिशेबाच्या फाइली, कॅमेऱ्याचे फुटेज, सगळीकडे हाच मार्ग वापरला जातो. श्रद्धांजलीचे पान पुन्हा छापता आले. रिपोर्टमधली शेवटची ओळ गळली तर ती कोणाच्या नजरेला येईल?

आमच्याकडे काम शिकायला येणारी मुले हुशार असतात, पदविका-पदवी घेऊन येतात. त्यांना इव्हेंट पकडता येतो; इव्हेंट आला नाही तर काय करायचे, हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते. शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे की प्रात्यक्षिकात या चार गोष्टी करायला लावा. दुसऱ्या संगणकावरून मोठी फाइल पाठवा आणि ती येत असताना प्रोग्रॅम काय करतो ते बघा. हजार छोट्या फाइलींची झिप फोल्डरमध्येच उघडा. मधेच नेटवर्कची वायर काढून पुन्हा लावा. प्रोग्रॅम बंद असताना फाइल टाका आणि मग तो सुरू करा. यातून जो प्रोग्रॅम एकही फाइल न चुकवता बाहेर येईल त्याला पूर्ण गुण द्या, मग त्याच्या ओळी दहा असोत की तीनशे. परळ-दादर भागातल्या कुठल्याही संस्थेत हे दाखवायला मी येईन, मानधन नको.

छापखान्याच्या मालकांनाही हीच चाचणी आपल्या पुरवठादारासमोर उभे राहून करून घेता येईल, त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. मात्र ती जूनमध्ये उरकून घ्या. जुलै लागला की अहवालांचे काम अंगावर येते आणि मशीन तासभर थांबवायलाही कोणी तयार होत नाही.

कळावे,
आपली एक वाचक,
लालबाग, मुंबई